एलईडी ड्रायव्हरचा रिपल: लेबलवर ५ टक्के, पॅनेलवर ५८ टक्के

पॅनेल_पारखी | #१

नमस्कार मंडळी. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका क्लासच्या रेकॉर्डिंग खोलीसाठी १८ वॅटचे सरफेस पॅनेल आहेत, एकूण ४०. डोळ्याला प्रकाश स्थिर वाटतो, पण मोबाइलच्या व्हिडिओत आडवे पट्टे दिसून राहिले. एक पॅनेल टेबलावर घेऊन मोजला, आकडे असे:

ड्रायव्हर (एलईडीला करंट देणारा सप्लाय) आयसोलेटेड म्हणजे आउटपुट मेन्सपासून वेगळं, सिंगल स्टेज फ्लायबॅक म्हणजे सगळं काम एकाच टप्प्यात, पॉवर फॅक्टर ०.९५. आउटपुट ३०० मिलिअँपिअर. पॅनेलमध्ये २८३५ साइझचे एलईडी, ५ समांतर आणि असे २० गट सिरीजमध्ये, स्ट्रिंग ६० व्होल्टची. आउटपुटला २२० मायक्रोफॅराड, १०० व्होल्टचा एकच कपॅसिटर.

एलईडीच्या मायनस वायरमध्ये १ ओमचा रेझिस्टर टाकून स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पाहिलं, म्हणजे १ मिलिव्होल्ट तो १ मिलिअँपिअर. वरचं टोक ४७५ मिलिव्होल्ट, खालचं १२५, सरासरी ३००. दोन टोकांमधलं अंतर १० मिलिसेकंद. ड्रायव्हरच्या लेबलवर मात्र रिपल (करंटमधला चढउतार) ५ टक्क्यांच्या आत लिहिलंय.

ड्रायव्हर खराब आहे की डिझाइनच असं आहे? कपॅसिटर वाढवायचा तर किती? आणि आउटपुटला चोक (कॉइल) टाकला तर भागेल का? पॅनेल बदलणं शक्य नाही, ड्रायव्हरमध्ये हात घालायची तयारी आहे.

रोहित्र | #२

भाऊ, ड्रायव्हर खराब नाही. मोजमाप बरोबर आहे. (४७५ − १२५) ÷ (४७५ + १२५) म्हणजे ५८ टक्के. सिंगल स्टेजमध्ये या स्ट्रिंगवर २२० मायक्रोफॅराड ठेवला तर एवढंच येणार.

कारण समजून घ्या, पुढचे सगळे उपाय त्यावरच ठरतात. पॉवर फॅक्टर चांगला ठेवायचा म्हणजे मेन्समधून करंट व्होल्टेजच्या आकारातच ओढावा लागतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ. व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं, त्या क्षणी मेन्समधून काहीच पॉवर येत नाही. शिखरावर सरासरीच्या दुप्पट येते. एलईडीला मात्र एकसारखी पॉवर हवी. हा १०० हर्ट्झचा चढउतार कुठेतरी साठवावा लागतो. सिंगल स्टेजमध्ये साठवायची जागा एकच, आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तो पुरत नाही तेवढं सगळं एलईडीतून जातं.

किती जातं ते दोन गोष्टींवर: कपॅसिटर आणि स्ट्रिंगचा डायनॅमिक रेझिस्टन्स. डायनॅमिक म्हणजे ६० भागिले ०.३ असा २०० ओम नव्हे. करंट थोडा वाढवल्यावर व्होल्टेज किती वाढतं तो. करंट २७० वरून ३३० मिलिअँपिअर केला आणि स्ट्रिंगचं व्होल्टेज ०.६ व्होल्टने वाढलं, तर ०.६ ÷ ०.०६ = १० ओम. तुमची स्ट्रिंग साधारण तेवढ्याचीच असणार.

सूत्र असं: रिपल टक्के = १०० ÷ √(१ + (६२८ × आर × सी)²). आर ओममध्ये, सी फॅराडमध्ये. ६२८ म्हणजे २ × पाय (π) × १००.

१० ओमला:
२२० मायक्रोफॅराड: ५९ टक्के
४७० मायक्रोफॅराड: ३२ टक्के
१००० मायक्रोफॅराड: १६ टक्के
२२०० मायक्रोफॅराड: ७ टक्के

तुमचं ५८ आणि सूत्राचं ५९. आता किती खाली आणायचं? आयईईई (अभियंत्यांची संस्था) १७८९ ही २०१५ ची शिफारस आहे. ९० ते १२५० हर्ट्झमध्ये कमी धोक्याची मर्यादा म्हणजे फ्रिक्वेन्सी × ०.०८ टक्के, आपल्या १०० हर्ट्झला ८ टक्के. काहीच परिणाम नको असेल तर ३.३ टक्के. रेकॉर्डिंगच्या खोलीसाठी मी ८ वर थांबणार नाही.

पॅनेल_पारखी | #३

सूत्र वहीत उतरवलं. मग लेबलवरचे ५ टक्के आले कुठून? कुणी इतकं सरळ खोटं छापेल असं वाटत नाही.

सोल्डर_आणि_शिसं | #४

खोटं असेलच असं नाही. लोड कोणता लावला होता ते विचारा. टेस्ट बेंचवर एलईडीऐवजी २०० ओमचा वायरवाउंड रेझिस्टर लावला तरी ६० व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर दिसतात. पण रिपलसाठी आर आता १० नाही, २०० आहे. त्याच २२० मायक्रोफॅराडवर सूत्रात २०० घालून पाहा: ३.६ टक्के. तोच ड्रायव्हर, तोच कपॅसिटर, रेझिस्टरवर ३.६ आणि पॅनेलवर ५९. लेबलवर ५ टक्क्यांच्या आत लिहायला मोकळे.

इलेक्ट्रॉनिक लोड लावला तर सीव्ही (स्थिर व्होल्टेज) मोडमध्ये उलटं होतं. तिथे आर जवळपास शून्य, रिपल १०० टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि चांगला ड्रायव्हर उगाच नापास होतो. लोडला एलईडी मोड असेल तर त्यात डायनॅमिक रेझिस्टन्स भरून मोजा. नाहीतर सरळ खरा पॅनेल लावा, सगळ्यात उत्तम तेच.

आणखी दोन पळवाटा माहीत असू द्या. एक, काही डेटाशीटमध्ये फक्त स्विचिंगच्या फ्रिक्वेन्सीचा रिपल दिलेला असतो, म्हणजे ५०-१०० किलोहर्ट्झचा. तो कमीच असतो. त्याचा कॅमेऱ्याशी किंवा डोळ्याशी संबंध नाही. दुसरं, व्याख्या. कुणी टोक ते टोक भागिले सरासरी देतं, कुणी (कमाल − किमान) ÷ (कमाल + किमान). पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट येतो. तुमच्याच मोजमापात पहिल्या पद्धतीने ११७ टक्के येतात. दोन कंपन्यांची तुलना करताना आधी हे जुळवा.

वायरिंग_सक्करदरा | #५

माझ्याकडे स्कोप नाही, मल्टिमीटर आहे. त्यावर कळेल का? आणि साइटवर ड्रायव्हर उघडायचा नसेल तर?

सोल्डर_आणि_शिसं | #६

कळेल. मायनस वायरमध्ये १ ओम, २ वॅट, १ टक्क्याचा रेझिस्टर टाका. त्यावर १ किलोओम आणि ०.१ मायक्रोफॅराडचा छोटा फिल्टर लावा, म्हणजे स्विचिंगचा कचरा मीटरमध्ये शिरत नाही. फिल्टरच्या कपॅसिटरवर आधी डीसी मिलिव्होल्ट घ्या, मग एसी मिलिव्होल्ट. रिपल टक्के = १४१ × एसी ÷ डीसी. उदाहरणार्थ डीसी २९८, एसी ६८ आलं तर ३२ टक्के. १०० हर्ट्झचा रिपल बऱ्यापैकी साइन आकाराचा असतो, म्हणून हा हिशोब चालतो. रिपल ८० टक्क्यांच्या वर गेला की आकार बिघडतो, मग हा आकडा फक्त अंदाज समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रायव्हर नॉन-आयसोलेटेड असेल तर आउटपुटच्या दोन्ही वायरींवर मेन्स आहे असं समजा. स्कोपची काळी क्लिप तिथे लावली की मेन्स क्लिपमधून थेट अर्थिंगला जातो. क्लिप जळते, ड्रायव्हर फुटतो, हात जवळ असेल तर माणूस जातो. स्कोपची अर्थ पिन कापून मोजणारे पाहिलेत. कृपा करून कुणी करू नका, मग स्कोपची अख्खी बॉडीच लाइव्ह होते. ड्रायव्हरच्या सप्लायला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा.

ओळखायचं असं: सप्लाय काढा, कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करा, मग इनपुटची एकेक वायर आणि आउटपुटचा मायनस यांत डायोड रेंजवर दोन्ही दिशांनी पाहा. कुठेही डायोडचा ड्रॉप दिसला तर नॉन-आयसोलेटेड. मीटर दोन्हीकडे उघडाच राहिला तरी लेबलवर आयसोलेटेड लिहिलंय का ते पाहा. शंका असेल तर लाइव्हच समजून चाला.

न उघडता मोजायचं असेल तर प्रकाशच मोजा. बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, ९ व्होल्टची बॅटरी आणि १० किलोओम, तिन्ही सिरीजमध्ये, डायोड उलटा बायस करून. १० किलोओमवर स्कोप डीसी कपलिंगला लावा. फोटोडायोड काळ्या नळीत बसवा, खिडकीचा प्रकाश आत आला तर सरासरी वाढते आणि रिपल खोटाच कमी दिसतो. नळी झाकून शून्य कुठे येतं ते आधी पाहा. उन्हात नेल्यासारखा सपाट सिग्नल आला तर तो सॅच्युरेट झालाय, १० ऐवजी १ किलोओम लावा. एलईडीचा प्रकाश करंटच्या मागेमागे जवळपास सरळ रेषेत चालतो, त्यामुळे दोन्ही पद्धतींचे टक्के थोड्याफार फरकाने जुळतात. मेन्सचा संबंध नाही म्हणून शिकणाऱ्याने हीच पद्धत आधी करावी.

मोबाइलचा कॅमेरा फक्त आहे की नाही एवढंच सांगतो. प्रो मोडमध्ये शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा, पट्टे असतील तर दिसतील. १/१०० किंवा १/५० वर १०० हर्ट्झचा पूर्ण फेरा एका फ्रेममध्ये बसतो, पट्टे लपतात. रेकॉर्डिंगवाल्यांना आजची रात्र काढायची असेल तर शटर १/५० ठेवायला सांगा. दुरुस्ती मात्र करावीच लागेल.

फिल्टर_प्रेमी | #७

मूळ प्रश्नात चोकचा विषय होता. माझं मत, आउटपुटला चोक आणि आणखी एक कपॅसिटर असा पाय (π) आकाराचा फिल्टर लावा. किंवा कंट्रोलरचा लूप (आउटपुट पाहून करंट सुधारणारा फीडबॅक) जलद करा, तो स्वतःच करंट सरळ करेल.

रोहित्र | #८

दादा, दोन्ही इथे चालत नाहीत. का ते सांगतो.

१०० हर्ट्झला चोकने नुसता १० ओमचा अडथळा करायचा तर १६ मिलिहेन्री लागतात, तेही ३०० मिलिअँपिअर डीसी वाहत असताना सॅच्युरेट न होता. अशी लोखंडी गाभ्याची चोक पॅनेलच्या ड्रायव्हरच्या डबीत मावत नाही, तिचा वाइंडिंग रेझिस्टन्स वेगळाच तापतो. आउटपुटवर जी छोटी फेराइट चोक दिसते ती स्विचिंगच्या आवाजासाठी असते. ०.१ मायक्रोफॅराडच्या सिरॅमिकचंही तेच.

लूपचं म्हणाल तर एल६५६२ सारख्या कंट्रोलरवर सिंगल स्टेज डिझाइन करताना लूपची बँडविड्थ मुद्दाम २० हर्ट्झच्या खाली ठेवतात. लूप १०० हर्ट्झला प्रतिसाद द्यायला लागला की तो इनपुट करंटचा आकार बिघडवतो, पॉवर फॅक्टर पडतो, हार्मोनिक वाढतात. शून्यावर मेन्समधून पॉवर येतच नाही, ती लूप आणणार कुठून?

म्हणून रस्ते तीनच: आउटपुट कपॅसिटर वाढवा, आउटपुटला मॉसफेटचा (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) रिपल फिल्टर लावा, किंवा टू स्टेज ड्रायव्हर घ्या. टू स्टेजमध्ये पहिला टप्पा ४०० व्होल्टच्या आसपासच्या बल्क कपॅसिटरवर ऊर्जा साठवतो, दुसरा टप्पा जलद लूपने करंट सरळ करतो. नवीन खरेदी असेल तर तिसराच रस्ता घ्या.

पॅनेल_पारखी | #९

पहिला रस्ता करून पाहिला. १००० मायक्रोफॅराड १०० व्होल्टचा कपॅसिटर जुन्याच्या जागी. पट्टे बरेच फिके झाले, मोजल्यावर १७ टक्के. पण ४ पैकी २ ड्रायव्हर चालू होताना ३-४ वेळा झपकतात, एक तर चालूच होत नाही, झपकत राहतो. काहून होऊन राहिलं असं? कपॅसिटर परत २२० केला की ठीक चालतो.

रोहित्र | #१०

अपेक्षित आहे. ३०० मिलिअँपिअरने १००० मायक्रोफॅराड ६० व्होल्टपर्यंत भरायला ०.२ सेकंद लागतात. २२० ला फक्त ४४ मिलिसेकंद लागत होते. या वेळात कंट्रोलर आयसीला तिचा सप्लाय (व्हीसीसी) ट्रान्सफॉर्मरवरच्या छोट्या ऑक्झिलरी वाइंडिंगमधून मिळत नाही, कारण ऑक्झिलरीचं व्होल्टेज आउटपुटच्या व्होल्टेजबरोबरच वर येतं. तोवर आयसी तिच्या व्हीसीसी कपॅसिटरवर जगते. तो १० मायक्रोफॅराडचा असेल तर ०.२ सेकंद टिकत नाही, आयसी बंद पडते, पुन्हा सुरू होते. तेच झपकणं.

उपाय: व्हीसीसीचा कपॅसिटर १० चा २२ करा, तरी झपकला तर ४७. व्होल्टेज ५० चा, १०५ अंशाचा. ४७ च्या पुढे जाऊ नका, स्टार्टअप रेझिस्टरमधून तो भरायलाच वेळ लागतो आणि स्विच दाबल्यावर लाइट दीड-दोन सेकंदांनी लागतो. शिवाय काही कंट्रोलर चढत्या आउटपुटला शॉर्ट समजून बंद होतात, तिथे व्हीसीसी वाढवूनही उपयोग नसतो. अशा वेळी ४७० मायक्रोफॅराडवर थांबा आणि उरलेलं मॉसफेटने करा.

१६ ऐवजी १७ आले कारण इलेक्ट्रोलिटिकला वीस टक्के कमीजास्त चालतं. तुमचा बहुधा ९२० च्या आसपासचा आहे.

बर्डी_बेंच | #११

४० नग बदलायचे आहेत म्हणून कपॅसिटर बदलण्याची पद्धत नीट लिहून ठेवतो. यातल्या चुका नंतर महागात पडतात.

सप्लाय काढल्यावर ड्रायव्हरचे दोन्ही कपॅसिटर १ किलोओम ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, आउटपुटचा प्रिंटेड ट्रॅकच उडतो. मीटरवर २ व्होल्टच्या खाली आलं की कामाला लागा.

व्होल्टेज रेटिंग स्ट्रिंग पाहून ठरवू नका, ड्रायव्हरचं ओपन सर्किट व्होल्टेज पाहून ठरवा. पॅनेलची वायर निघाली की ६० व्होल्टचा ड्रायव्हर ७५-८० पर्यंत चढतो. ६३ व्होल्टचा कपॅसिटर त्या दिवशी फुगतो. १०० व्होल्टचाच घ्या.

घेताना १०० किंवा १२० हर्ट्झवर एलसीआर मीटरने (कपॅसिटर मोजायचा मीटर) मोजून घ्या. बर्डीच्या बाजारात चांगला माल मिळतो, पण नव्या स्लीव्हमध्ये जुना माल भरलेलाही मिळतो. ४७० लिहिलेला नग ३०० दाखवत असेल तर परत करा. वजन आणि उंचीही सांगून जाते: १०० व्होल्ट ४७० मायक्रोफॅराडचा खरा कपॅसिटर अंगठ्याएवढा जाड आणि ३० मि.मी.च्या आसपास उंच असतो. त्याच छापाचा बोटभर नग दिसला की सोडून द्या. डबीत उंची बसत नसेल तर २२० चे दोन समांतर, आडवे झोपवून. दोन लहान नगांची रिपल करंट सोसायची ताकदही बऱ्याचदा एका मोठ्यापेक्षा जास्त असते. सिंगल स्टेजमध्ये फक्त १०० हर्ट्झचाच करंट ३०० ÷ १.४१ म्हणजे २१० मिलिअँपिअरपर्यंत जातो, स्विचिंगचा वेगळा. डेटाशीटमधला मोठा आकडा १०० किलोहर्ट्झचा असतो, १०० हर्ट्झला तो निम्म्याच्या आसपास येतो. हे न पाहता घेतलेला कपॅसिटर मायक्रोफॅराडने पुरतो, पण तापून मरतो.

बसवताना आउटपुट डायोड आणि ट्रान्सफॉर्मरपासून जितका लांब तितका चांगला. डोक्यावर सिलिकॉनचा ठिपका, म्हणजे पाय हलून सोल्डरचे डाग तडकत नाहीत. पोलॅरिटी दोनदा पाहा.

ड्रायव्हर रेझिनने भरलेला असेल तर उकरू नका. कपॅसिटर वेगळ्या डबीत, आउटपुट वायरीवर समांतर लावा आणि त्याला २२ किलोओम अर्ध्या वॅटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) द्या. ब्लीडर का हवा? कपॅसिटर मोठा झाला की पॅनेल काढल्यावर तो ८० व्होल्टवर भरून बसतो. त्याच स्थितीत पॅनेल परत जोडला की साठलेला सगळा चार्ज एका झटक्यात एलईडीत जातो. दोन-तीन एलईडी काळे ठिपके होऊन मरतात आणि माणूस पॅनेलला दोष देतो. चालू सप्लायवर पॅनेल कधीच जोडायचा नाही. सप्लाय बंद करा, ४७० मायक्रोफॅराडला या ब्लीडरने अर्धा मिनिट द्या, मग जोडा.

मशीन_शॉप_हिंगणा | #१२

या धाग्यात एक गोष्ट जोडतो, कारण हिंगणा आणि बुटीबोरीच्या वर्कशॉपमध्ये हेच एलईडी लागून राहिले. लेथवर हा प्रश्न पट्ट्यांचा नसून हाताचा आहे. चार जबड्यांचा चक १५०० आरपीएमला सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणजे एका जागेवरून सेकंदाला १०० जबडे जातात. लाइटही १०० वेळा लुकलुकतो. चक थांबल्यासारखा दिसतो. तीन जबड्यांचा चक २००० आरपीएमला तसाच. रिपल जितका खोल तितका भास पक्का.

मशीनवरचा दिवा टू स्टेज ड्रायव्हरचाच ठेवा. शेडमधल्या हायबे (उंच छताच्या) लाइट बदलणं शक्य नसेल तर शेजारशेजारच्या लाइट आर, वाय, बी अशा तिन्ही फेजवर आलटून पालटून द्या. तिन्ही फेजचे रिपल एकमेकांपासून १२० अंशांनी सरकलेले असतात, एकाच जागेवर तिघांचा प्रकाश सारखा पडला तर बेरीज जवळपास सपाट होते. एक अख्खी रांग एका फेजवर टाकली तर काही फायदा नाही.

पॅनेल_पारखी | #१३

फार कामाची माहिती. आता मॉसफेटच्या फिल्टरचं सविस्तर लिहा ना कुणी. कपॅसिटर ४७० वर ठेवतो, व्हीसीसी २२ केला, चारही ड्रायव्हर आता नीट चालू होतात. रिपल ३३ टक्के आहे, तो ३ च्या खाली आणायचा आहे.

सोल्डर_आणि_शिसं | #१४

एन चॅनेलचा मॉसफेट (तीन पाय: ड्रेन, सोर्स, गेट) प्लस वायरीत. ड्रेन ड्रायव्हरच्या प्लसला, सोर्स पॅनेलच्या प्लसला. ड्रेनपासून १०० किलोओम, त्याच्या दुसऱ्या टोकापासून मायनसला १ मायक्रोफॅराड १०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर. त्या जोडापासून १ किलोओममधून गेट. गेट-सोर्समध्ये १५ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजच्या वर वाहणारा डायोड), कॅथोड गेटकडे. आणि ड्रेनपासून १०० किलोओमच्या समांतर १० व्होल्टचा झेनर, कॅथोड ड्रेनकडे.

काम असं चालतं: १०० किलोओम आणि १ मायक्रोफॅराड मिळून १०० हर्ट्झचा रिपल साधारण ६३ पट कमी करतात. गेटवर जवळपास सपाट डीसी येतो आणि सोर्स त्याच्या मागे चालतो. चढउतार मॉसफेट स्वतःवर घेतो. एलईडीला सपाट व्होल्टेज, म्हणून सपाट करंट.

आता हिशोब, कारण इथेच चुका होतात. एलईडीने एकसारखा ३०० मिलिअँपिअर घेतला की ४७० मायक्रोफॅराडवर व्होल्टेज ०.३ ÷ (६२८ × ०.०००४७) म्हणजे वर १ आणि खाली १ व्होल्ट हलतं. मॉसफेटवर गेट-सोर्सचं व्होल्टेज सतत पडलेलं असतं, आयआरएफ६४० सारख्या साध्या मॉसफेटला सुमारे साडेतीन व्होल्ट. खाली १ व्होल्ट गेला तरी अडीच उरतात. चालतं. तोटा ०.३ × ३.५ = सुमारे १ वॅट.

लॉजिक लेव्हल मॉसफेट लावून तोटा २ व्होल्टवर आणायचा मोह होतो. ४७० वर चालेल. पण २२० वर रिपल २.२ व्होल्ट खाली जातो, दरीत मॉसफेटला जागाच उरत नाही आणि दर १० मिलिसेकंदांनी करंटमध्ये खड्डा पडतो. कपॅसिटर सुकत गेला की हाच खड्डा वर्षा-दोन वर्षांनी येतो. मी साडेतीन व्होल्टच्या मॉसफेटवर थोडा वॅट जास्त गेला तरी तोच लावेन.

१० व्होल्टचा झेनर विसरू नका. चालू होताना ड्रेन साधारण एक दशांश सेकंदात वर जातो, गेट मागे राहतं. मॉसफेट बंद, म्हणजे ड्रायव्हरला पॅनेल निघाल्यासारखं वाटतं आणि तो ओव्हरव्होल्टेजमध्ये जाऊन पुन्हा पुन्हा सुरू होतो. झेनर गेटला ओढत वर नेतो, मॉसफेटवर १३-१४ व्होल्टपेक्षा जास्त चढू देत नाही. गेटला १० मायक्रोफॅराड लावून आणखी सपाट करायला जाल तर तो मागे राहण्याचा वेळ दहापट होतो. गरज नाही.

उष्णता: मॉसफेट ड्रायव्हरच्या प्लास्टिक डबीत ठेवू नका. पॅनेलच्या ॲल्युमिनिअम पाठीवर अभ्रकाचा वॉशर आणि प्लास्टिकचा बुश घालून बसवा. मॉसफेटची पाठ म्हणजे ड्रेन, तिच्यावर ६४ व्होल्ट असतात. बसवल्यावर पाठ आणि पॅनेल यांत मीटरने कंटिन्युइटी नाही ना ते पाहा. आणि ड्रायव्हरच्या व्होल्टेज रेंजमध्ये स्ट्रिंगच्या वर ४ व्होल्ट शिल्लक आहेत ना, तेही.

बर्डी_बेंच | #१५

यावर नागपूरच्या उन्हाचा हिशोब जोडतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा पत्र्याच्या खाली त्याहून जास्त, आणि ड्रायव्हरच्या आत कपॅसिटरचं अंग ९५ पर्यंत सहज जातं. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंशांना दुप्पट किंवा निम्मं होतं. १०५ अंश, २००० तासांचा कपॅसिटर ९५ वर ४००० तास. रोज १२ तास लाइट म्हणजे ११ महिने. १०,००० तासांचा घेतला तर त्याच जागी साडेचार वर्षं. ड्रायव्हर सीलिंगच्या आतून काढून भिंतीवर हवेशीर ठेवला आणि अंग ८५ वर आलं तर नऊ.

आयुष्य संपलं म्हणजे लाइट बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. २२० चा ११० उरला की तुमच्याच पॅनेलवर रिपल ५९ वरून ८२ टक्के होतो. उजेड तेवढाच दिसतो, फक्त डोकं दुखायला लागतं आणि पट्टे गडद होतात. म्हणून सीलिंगमध्ये बसवताना "१०५ अंश" एवढंच पाहू नका, तास किती ते पाहा.

वायरिंग_सक्करदरा | #१६

उन्हाळ्यात बऱ्याच घरी "लाइट फडफडते" अशी तक्रार येते. तोही रिपलच का?

रोहित्र | #१७

डोळ्याला दिसतं ते बहुतेक वेळा १०० हर्ट्झचं नसतं. कूलरचा पंप किंवा मोटर सुरू होताना लाइट एकदा डुचमळते, तो मेन्सचा व्होल्टेज ड्रॉप. स्वस्त ड्रायव्हर तो सांभाळत नाही. न्यूट्रल ढिला असेल तर हेच सारखं होतं, ते आधी तपासा, आगीचा धोका आहे. सेकंदाला एक-दोन वेळा नियमित झपकणं म्हणजे ड्रायव्हर बंद-चालू होऊन राहिला: व्हीसीसी कपॅसिटर सुकला, किंवा स्ट्रिंगमधला एखादा एलईडी गरम झाला की उघडतो. आणि स्कोपवर दोन टोकांमध्ये १० ऐवजी २० मिलिसेकंद दिसले तर ब्रिजमधला एक डायोड उघडा पडलाय. ५० हर्ट्झ डोळ्याच्या कडेला सरळ जाणवतो.

फिल्टर_प्रेमी | #१८

चोकबद्दल पटलं. आणखी एक: बाजारात डीओबीच्या फ्लडलाइट आहेत, ड्रायव्हर नाही, एलईडीच्या प्लेटवरच आयसी. त्यांना कपॅसिटर लावून रिपल जाईल?

रोहित्र | #१९

जाईल, पण लावू नका. त्यात ब्रिजनंतर कपॅसिटर नसतो, मेन्सचं व्होल्टेज स्ट्रिंगच्या खाली गेलं की प्रकाश पूर्ण शून्य. रिपल १०० टक्के. ब्रिजनंतर ४०० व्होल्टचा कपॅसिटर टाकला की आयसीवर सतत ३०० च्या वरचं व्होल्टेज येतं. स्ट्रिंगचं वजा जाता उरलेलं सगळं आयसी उष्णतेत जाळते, प्लेट तापते, आयसी करंट कमी करते, प्रकाश घटतो आणि उन्हाळ्यात एलईडी मरतात. पॉवर फॅक्टरही पडतो. पार्किंगला राहू द्या, खोलीत आणि मशीनवर नको.

पॅनेल_पारखी | #२०

मॉसफेट बसवून पहिले ४ पॅनेल मोजले. वरचं टोक ३०४, खालचं २९५. म्हणजे दीड टक्का. शटर १/२००० वरही पट्टे नाहीत. मॉसफेटची पाठ पॅनेलपेक्षा ९ अंशांनी गरम, तासभर चालवल्यावर. उरलेल्या ३६ साठी हेच करतो. क्लासच्या दुसऱ्या मजल्यासाठी मात्र नवीन घ्यायचे आहेत, २ बाय २ फुटांचे ३६ वॅटचे. मागणीपत्रात नेमकं काय लिहू म्हणजे पुन्हा हे होणार नाही?

सोल्डर_आणि_शिसं | #२१

२ बाय २ ला जास्त जपा. त्यात बहुधा ३६ व्होल्ट, १ अँपिअर असतं. करंट जास्त, व्होल्टेज कमी, म्हणून स्ट्रिंगचा डायनॅमिक रेझिस्टन्स २ ओमच्या आसपास उतरतो. २२०० मायक्रोफॅराड लावूनही रिपल ३५ टक्क्यांच्या घरात राहतो. तिथे सिंगल स्टेज नकोच.

मागणीपत्रात असं लिहा: "ड्रायव्हर टू स्टेज, आयसोलेटेड, आयएस १५८८५ भाग २ विभाग १३ प्रमाणे बीआयएस नोंदणी असलेला. २३० व्होल्टवर, पूर्ण लोडला, पुरवठ्यातल्याच पॅनेलवर, एक तास चालवल्यानंतर १०० हर्ट्झच्या प्रकाशाचा चढउतार (कमाल − किमान) ÷ (कमाल + किमान) या पद्धतीने ३ टक्क्यांच्या आत. रेझिस्टर लोडवरचं मोजमाप धरलं जाणार नाही. आउटपुट आणि बल्क कपॅसिटर १०५ अंश, १०,००० तास. स्कोपचा वेव्हफॉर्म सोबत द्यावा."

माल आल्यावर प्रत्येक खोक्यातला एक नग फोटोडायोडने स्वतः मोजा, आणि पैसे त्यानंतरच द्या.